छत्रीवही : ४० पैकी ११ पानं

आजची स्थिती: ४० पैकी ११ पानं भरली. त्यातली ८ धड, २ बिघडली, १ अर्धवट. विषय सुरुवातीपासून एकच, छत्री. कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या जत्रेत, ज्या चित्रकाराच्या टेबलापाशी वही पोचेल, त्यांनी आपलं एखादं पात्र छत्रीसकट काढायचं. आवडत्या चित्रकाराची भेट जेमतेम काही मिनिटांची असते, आणि ती कशी जाणार हे बरंचसं घरी, वही बांधून घेतानाच ठरतं. म्हणून या वेळची नोंद मुख्यतः कागद, पेनं आणि टेबलापाशी विचारायच्या एका वाक्याबद्दल आहे.

विषय आधी. "काहीही काढा" ही चित्रकारासाठी सगळ्यात अवघड मागणी. समोर रांग, हातात पेन, आणि विचार करायला वेळ नाही, अशा वेळी नेहमीचाच सराईत चेहरा कागदावर उतरतो. एका वाक्यात सांगता येईल, दहा मिनिटांत काढता येईल आणि कुठल्याही शैलीत बसेल, असा विषय लागतो. छत्री या तिन्हींत बसते. घाई असेल तर छत्री पुढे घेऊन अर्धं शरीर झाकता येतं, निवांतपणा असेल तर पाऊस, चिखल, वाऱ्याने उलटलेल्या काड्या, सगळं आणता येतं. सुरुवातीला "चहा पिताना" हा विषय विचारात होता. तो सोडला, कारण त्यात कपाभोवतीची बोटं येतात आणि हात काढायला चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ जातो. छत्रीची मूठ एका मुठीत धरली की हाताचं काम संपतं.

कागद. वही ए५ मापाची (१४८ × २१० मिमी), ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) गुळगुळीत ब्रिस्टल, म्हणजे चित्रांसाठीचा जाड कागद, वायरो बाइंडिंग (भोकांतून ओवलेली दुहेरी वायर), दोन्हीकडे २ मिमी जाडीचा पुठ्ठा. एक पान सुमारे ९.३ ग्रॅम, म्हणजे ४० पानांचा कागदच ३७० ग्रॅमच्या आसपास. ए४ घेतली असती तर वजन दुप्पट, आणि पान मोठं दिसलं की दरही वाढतो. शिवलेली वही दिसायला देखणी, पण ती टेबलावर सपाट उघडत नाही. मधल्या फुगवट्यावर हात टेकवून रेषा ओढणं कोणालाच आवडत नाही. वायरो पूर्ण मागे दुमडते, म्हणून अरुंद टेबलावरही मावते. तिची अडचण एकच: डावखुऱ्या चित्रकाराच्या मनगटाला वायर टोचते. अशा वेळी वही उलटी फिरवून द्यायची, वायर उजवीकडे येते. पान एकाच बाजूने वापरायचं असल्यामुळे बिघडत काही नाही.

प्रत्येक पानावर वायरच्या बाजूने १५ मिमी आणि बाकी तिन्ही बाजूंनी ८ मिमी सोडून एचबी पेन्सिलने अगदी फिकट चौकट आखलेली आहे. ती नसेल तर चित्र भोकांपर्यंत जातं, आणि पुढे स्कॅन करताना छत्रीचं टोक वायरखाली राहतं.

वही की सुटी पानं, हा वाद आपल्या मंडळींत नेहमीचा. सुट्या पानांचा फायदा उघड आहे: चित्रकाराने पान घरी नेलं तरी आधीची चित्रं आपल्याकडेच राहतात. पण वहीची खरी ताकद आधीच्या पानांतच असते. चित्रकार मागची पानं चाळतात, कोणी छत्री कशी वापरली ते बघतात, आणि मग वेगळं काहीतरी काढायची खुमखुमी येते. म्हणून मधला मार्ग: वही टेबलावर दाखवायची, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात त्याच कागदाची, त्याच मापाची दोन सुटी पानं ठेवायची. कोणी "उद्या देतो" म्हणाले तर सुटं पान द्यायचं, वही नाही.

आता बिघडलेली पानं.

पान ४: काळ्या शाईवर पांढऱ्या जेल पेनाने पावसाच्या रेषा. चित्र सुरेख झालं, वही दीड मिनिटात मिटली, आणि पांढरी शाई पान ३ च्या पाठीला चिकटली. उघडताना रेषांचे पापुद्रे निघाले. पांढऱ्या जेल शाईत रंगद्रव्य दाट असतं, ती कागदात न मुरता वर बसते आणि गुळगुळीत ब्रिस्टलवर हळू वाळते. जाड रेषेला दहा मिनिटं धरून चालायचं. दमट हवेत त्याहून जास्त. तेव्हापासून वहीत पान उघडंच धरायला दोन मोठे बाइंडर क्लिप असतात. वही मागे दुमडून क्लिप लावायचे आणि तशीच उघडी हातात घेऊन फिरायचं. पानांमध्ये ग्लासिन (पातळ, गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद घालायचा तो पेन्सिल आणि कोळशासाठी. ओल्या शाईवर ग्लासिन ठेवला तर तोही चिकटतो.

पान ८: यात चित्रकाराचा काहीच दोष नाही. पान ७ वर अल्कोहोल मार्करने आकाश भरलं होतं, तीन-चार थर देऊन. ३०० जीएसएम आहे म्हणून खाली काही घातलं नव्हतं. अल्कोहोल मार्करची शाई कागदाच्या जाडीला फार जुमानत नाही. थर वाढले की ती आरपार जाते आणि खालच्या पानावर निळे डाग पडतात. उपाय स्वस्त आहे: ओएचपीची पारदर्शक शीट ए५ मापात कापून प्रत्येक वेळी चालू पानाखाली सरकवायची. साधा कागद घालून भागत नाही, तो शाई पिऊन पुढे पाठवतो.

पान १० अर्धवट राहिलं ते शेवटच्या तासामुळे. त्याबद्दल खाली.

पेनं. बहुतेक चित्रकार स्वतःच्या पेनांनीच काढतात आणि तेच बरं. तरी पाऊचमध्ये पिग्मेंट शाईची तीन फाइनलायनर (बारीक टोकाची पेनं) असावीत: ०१ (०.२५ मिमी), ०५ (०.४५ मिमी), ०८ (०.५० मिमी), शिवाय एक ब्रश पेन. पिग्मेंट शाई वाळल्यावर पाण्याला आणि उजेडाला टिकते. साध्या परमनंट मार्करला नावापुरतंच परमनंट म्हणायचं: त्यातला रंग डाय, म्हणजे विरघळणाऱ्या प्रकारचा असतो, काही वर्षांत काळा तपकिरी होतो आणि रेषेभोवती पिवळट कडं उमटतं. वहीच्या पानावर तो कोणी उचलला तर नम्रपणे फाइनलायनर पुढे करावा. कोणी वाईट वाटून घेत नाही. शाईबद्दल आस्था दाखवणारा वाचक चित्रकारांना आवडतो.

पुस्तकावर सही घ्यायची असेल तर गणित बदलतं. चकचकीत आर्ट पेपरच्या मुखपृष्ठावर फाइनलायनर वाळतच नाही, बोटाने पुसला जातो. तिथे बारीक टोकाचा परमनंट मार्करच चालतो. गडद मुखपृष्ठावर चंदेरी पेंट मार्कर, पण तो आधी हलवून रद्दी कागदावर दाबून सुरू करायचा. थेट पुस्तकावर दाबला तर पहिला ठिपका मोठा पडतो, आणि तो नेमका नायकाच्या चेहऱ्यावर. सहीच्या जागेवर बोटांचं तेल लागलेलं असेल तर शाई मण्यांसारखी गोळा होते. आधी कोरड्या मायक्रोफायबरने हलकं पुसावं. बॉलपेन कधीही नको. त्याचा दाब मुखपृष्ठावर कायमची खाच पाडतो.

जुन्या अंकांना वेगळी वागणूक. १९६४ ते १९९० या काळातल्या इंद्रजाल कॉमिक्ससारखे अंक हलक्या कागदावरचे. त्यांच्या आतल्या पानांवर मार्कर पसरतो आणि दोन पानं ओलांडून जातो. अशा अंकावर मऊ पेन्सिलची सही उत्तम. ती शतकभर टिकते आणि कागदाला इजा करत नाही. अंक पॉलीप्रॉपिलीनच्या पिशवीत, पाठीला आम्लमुक्त बोर्ड. पिशवीच्या झाकणावरचा चिकट पट्टा अंक बाहेर काढताना मुखपृष्ठाला चिकटून रंगासकट साल काढतो. रांगेत उभं राहण्यापूर्वीच तो पट्टा मागे दुमडून टाकायचा.

आता टेबल. भारतात कॉमिक कॉन इंडियाची पहिली जत्रा २०११ मध्ये दिल्ली हाटला झाली, पुढे मुंबईतही भरू लागली. आर्टिस्ट अ‍ॅलीची, म्हणजे जत्रेतल्या चित्रकारांच्या टेबलांच्या भागाची, रीत सगळीकडे सारखी नाही, हे बाहेरच्या जत्रांत जाणाऱ्या आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावं. फ्रान्समध्ये आंगुलेमला १९७४ पासून भरणाऱ्या महोत्सवात चित्रकार विकत घेतलेल्या अल्बमच्या (कॉमिक्सच्या पुस्तकाच्या) आतल्या कोऱ्या पानावर फुकट चित्र काढून देतात, पण गर्दीच्या नावांसाठी रांगेऐवजी चिठ्ठ्या टाकतात. अमेरिकेत स्केच म्हणजे बहुधा ठरलेल्या दराचं काम. जपानमध्ये २४२ × २७२ मिमीचा शिकिशी नावाचा जाड पुठ्ठा पुढे करायची पद्धत आहे, आणि दोजिन्शीच्या (हौशी चित्रकारांनी स्वतः छापलेल्या कॉमिक्सच्या) जत्रांत वही सकाळी सोपवून संध्याकाळी परत घेतात. आपल्याकडे तिन्हींची सरमिसळ दिसते, म्हणून पहिला प्रश्न कायम तोच: "सर, स्केच घेता का? दर काय, आणि किती वेळ लागेल?" मॅडम असतील तर मॅडम. वयाने बरोबरीचे दिसले तरी पहिल्याच वाक्यात अरे-तुरे नको. आधी टेबलावरचं एक तरी पुस्तक किंवा प्रिंट घ्यावी, मग वही काढावी.

वेळ पहिल्या दिवसाचा पहिला तास. स्केचची यादी सकाळीच भरते. शेवटच्या तासात चित्रकाराचा हात दुखत असतो आणि आवराआवर सुरू झालेली असते. पान १० तेव्हाच गेलं. रेषा झाल्या, रंग राहिले. ते तसंच ठेवायचं ठरलं आहे. दुसऱ्या कोणाकडून रंगवून घेणं बरोबर नाही.

पैसे रोख, ५०० च्या थोड्या आणि १००-२०० च्या जास्त नोटा. हजारो फोन एका हॉलमध्ये असले की नेटवर्क मान टाकतं आणि यूपीआयचं चक्र फिरत राहतं. मागची रांग खोळंबते.

नावासाठी चिकटचिठ्ठी. आपलं नाव देवनागरी आणि रोमन दोन्हींत मोठ्या अक्षरात लिहून पानाच्या कडेला लावायची. गोंगाटात "मृणाल"चं "मृणाली" सहज होतं, आणि शाईने लिहिलेलं खोडता येत नाही. त्याच चिठ्ठीवर "छत्री" एवढाच शब्द. तारीख आणि गावाचं नाव चित्रकाराकडूनच लिहून घ्यावं, नंतर आपण लिहिलेलं वेगळं दिसतं.

कोणाकडे काय मागायचं, हा अभ्यासाचा भाग. अनुपम सिन्हांकडे सुपर कमांडो ध्रुव मागायचा, कारण तो त्यांचाच, १९८७ पासूनचा. अभिजीत किणींकडे अँग्री मावशी. पण मुलांच्या टिंकल मासिकाच्या आजच्या चित्रकारासमोर "तुमचा सुप्पंडी" म्हणताना जरा थांबावं. सुप्पंडीला पहिला चेहरा दिला राम वाईरकरांनी, शिकारी शंभूला वसंत हळबे यांनी. आजचे चित्रकार ती पात्रं मनापासून पुढे नेतात आणि त्यांच्याकडे ती मागायला काहीच हरकत नाही. फक्त श्रेय नीट द्यावं. वाईरकरांचं नाव निघालं की टेबलापलीकडचा माणूस खुलतो, हे वारंवार दिसलं आहे.

आणि एक प्रश्न तयार ठेवावा, एकच. "प्रेरणा कुठून मिळते" हा नको. त्याचं उत्तर देऊन देऊन ते थकलेले असतात. पुस्तक उघडून एका चौकटीवर बोट ठेवावं: इथल्या पावसाच्या रेषा पांढऱ्या शाईच्या की काळ्यातून सोडलेल्या? ब्रश की निब? अशा प्रश्नाचं उत्तर हात चालू ठेवूनही देता येतं, आणि पुष्कळदा तीच करामत त्याच पानावर करून दाखवली जाते. पान ६ आणि ११ ही वहीतली सगळ्यात चांगली पानं. दोन्ही वेळा प्रश्न रेषेबद्दल होता.

चित्र सुरू असताना पुढे वाकू नये, सावली पडते. फोटो विचारून. मागे रांग असेल तर टेबलाच्या बाजूला सरकावं. सह्यांसाठी दोन-तीनच पुस्तकं, बाकीची असतील तर पुन्हा रांगेत.

घरी आल्यावर एक दिवस वही उघडी. मग ६०० डीपीआयला स्कॅन: ए५ पानाची प्रतिमा सुमारे ३४९६ × ४९६१ पिक्सेल, टिफमध्ये ५२ एमबीच्या आसपास. स्कॅनरची आपोआप उजळ करण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर फिकट गुलाबी आणि पिवळे मार्कर कागदात विरून जातात. पान ७ चं आकाश पहिल्या स्कॅनमध्ये जवळजवळ पांढरं आलं होतं. अल्कोहोल मार्करचे रंग उजेडात उडतात, म्हणून भिंतीवर लावायचा तो स्कॅनचा प्रिंट, मूळ पान नाही.

साठवण मुंबई-कोकणच्या हवेला धरून. हवाबंद डब्यात वही आडवी, ५ ग्रॅमच्या चार सिलिका पुड्या, छोटा आर्द्रतामापक, आकडा ५० टक्क्यांच्या आसपास. पुड्यांचे दाणे रंग बदलले की मंद आचेवर तव्यात भाजून परत वापरता येतात, निळ्या दाण्यांच्या मात्र टाळाव्यात, त्यातलं कोबाल्ट आरोग्याला बरं नाही. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकायची सवय असेल तर मोडावी: त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या पिशव्या मऊ करते आणि कागदाला वास कायमचा धरतो.

पान १२ तयार आहे: चौकट आखली, खाली ओएचपी शीट, कडेला चिठ्ठी, मागच्या खिशात दोन सुटी पानं. पांढरं जेल पेन पाऊचमधून काढून टाकलेलं नाही. क्लिप आणखी दोन वाढवले आहेत.