तेरावा फर्मा

कथा लिहिणं थांबवून मी पुस्तकांची मांडणी करू लागले, तेव्हा जवळची माणसं हळहळली. चांगला लिहिता हात वाया घालवतेस, असं त्यांचं म्हणणं. त्या सगळ्यांना मला हा एक दिवस सांगायचा आहे.

राधानगरीकडच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिका. खेड्याखेड्यांत फिरून त्यांनी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. पहिलं प्रूफ बघायला बाई कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "ल आपला घेतलाय की!" जन्मभर बाराखडी गिरवून घेतलेली नजर ती. मराठी वळणाचे ल आणि श 2009 च्या शासन निर्णयात ठरवून दिलेले आहेत; पण अनेक फाँटांत मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय ते उमटतच नाहीत.

मग त्या ओव्यांकडे वळल्या आणि थांबल्या. "वाचायला येतंय, पण म्हणायला येईना."

वहीत एकेक ओवी दोन लांब ओळींत होती. पुस्तकाच्या डेमी आकाराच्या पानावर ती ओळ मावत नाही, जागा संपेल तिथं तुटते. मी म्हटलं, "बाई, म्हणून दाखवता?" त्यांनी गायला सुरुवात केली आणि मी प्रूफवर पेन्सिल धरली. प्रत्येक ओळीच्या मध्यावर कुठंतरी "गं बाई" यायचं. वहीत ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिथं गळा थांबत होता, जात्याचा खुंटा जणू पलीकडच्या हातात जात होता. मी तिथं खूण करत गेले. ओळ तिथंच मोडायची, उरलेला तुकडा खाली थोडा आत सरकवून घ्यायचा.

कथेत असा थांबा हवा असला की मी एखादं वाक्य घालायचे. इथं एक शब्दही घालायचा अधिकार मला नव्हता आणि त्याची गरजही पडली नाही. नवी पानं हातात घेऊन बाई न अडखळता म्हणत गेल्या. छापून आलेल्या माझ्या कुठल्याही कथेनं मला असा आनंद दिलेला नाही.

पण पानं वाढली. आधी बरोबर 192 होती, म्हणजे बारा फर्मे; फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडली जाणारी सोळा पानं. आता 205 झाली. दुपारी आम्ही दोघी उद्यमनगरात प्रेसवर गेलो. प्रेसवाल्या दादांनी आकडा बघूनच मान हलवली. "तेरावा फर्मा लागतोय. ओळी जरा आवळा की, कोण बघतंय?"

देवनागरीत ओळी आवळल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. बारा पॉइंटच्या अक्षराला मी अठरा पॉइंटांचं अंतर दिलं होतं. ते पंधरावर आणून एक पान छापून घेतलं आणि दोन्ही पानं दादांपुढं ठेवली. त्यांनी आवळलेलं पान स्वतःच बाजूला सारलं. खर्च मात्र बाईंच्या पेन्शनमधून जाणार होता, त्यामुळं मी गप्प राहिले. बाईच म्हणाल्या, "घ्या तेरावा."

तेरा फर्म्यांची पानं 208. शेवटची तीन कोरी राहत होती. दादा म्हणाले, जाहिरात टाका, तेवढाच खर्च निघेल. मी बाईंना विचारलं, "या ओव्या सांगणाऱ्या बायका कोण?"

बाईंनी पिशवीतून दुसरी वही काढली. गावं आणि नावं, सगळी टिपलेली. पानं वाढतील म्हणून त्यांनी ती गाळली होती! मी तिथंच हिशोब केला. ओव्यांच्याच आकाराच्या अक्षरात, गाववार, तीन पानांत नेमकी बसत होती. काहींपुढं मात्र नुसतं 'अमक्याची आई' होतं. बाई प्रेसमधल्याच खुर्चीवर बसल्या आणि गावाकडं एकेक फोन लावून त्या बायकांची स्वतःची नावं विचारू लागल्या. मी लिहून घेत होते. दादांनी शेजारचं मशीन थोडा वेळ बंद ठेवायला सांगितलं, फोनवरचं नीट ऐकू यावं म्हणून. पीडीएफ रात्री पाठवली तरी चालेल, म्हणाले.