शेड्यूलरने मध्येच थांबवलेला कोड

आमच्या सर्व्हरवर प्रत्येक रिक्वेस्टमागे एक काउंटर एकाने वाढत असे, आणि एवढ्याशा कामाचा खर्च पर्फ या वेळखर्च मोजणाऱ्या साधनाच्या यादीत अगदी वर दिसत होता. सगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे, एकाच अ‍ॅटॉमिक (एका अखंड पायरीत बदलणाऱ्या) काउंटरवर लिहीत असल्याने त्याची कॅशलाइन, म्हणजे तो धरून ठेवणारा कॅश-मेमरीचा तुकडा, प्रोसेसरच्या एका कोअरकडून दुसऱ्याकडे सतत फिरत राहायची. प्रत्येक कोअरला स्वतंत्र काउंटर दिला की ही ओढाताण थांबते, पण युजर कोडमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबाहेर (कर्नलबाहेर) चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक अडचण उरतेच. थ्रेडने आपला कोअर कोणता हे पाहिले, त्याच्या काउंटरमधला आकडा वाचला आणि नेमके तेव्हाच शेड्यूलरने (कोणता थ्रेड कधी चालेल हे ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाने) त्याला बाजूला केले, तर परतल्यावर तो जुन्या आकड्यात एक मिळवून लिहून टाकतो आणि मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने केलेली वाढ पुसली जाते. कर्नलचा स्वतःचा कोड अशा वेळी प्रीएम्प्शन, म्हणजे चालू थ्रेडला मध्येच बाजूला करणे, क्षणभर बंद ठेवतो. युजर कोडला ती मुभा दिली, तर कोणताही प्रोग्राम कोअर अडवून बसेल.

लिनक्सने 2018 मध्ये, 4.18 या आवृत्तीत, यावर 'रीस्टार्टेबल सीक्वेन्सेस' आणले. त्यामागचा विचार मला आजही विलक्षण देखणा वाटतो. नाजूक भाग कुठे सुरू होतो, किती लांब आहे आणि खंड पडल्यास कुठे जायचे (अ‍ॅबॉर्टचा पत्ता), एवढे थ्रेड ठरलेल्या जागी लिहून ठेवतो. शेड्यूलर त्याला हवे तेव्हा थांबवतोच. मात्र थ्रेड प्रीएम्प्ट झाला, दुसऱ्या कोअरवर गेला किंवा त्याला सिग्नल मिळाला, तर युजर कोडकडे परतताना कर्नल इन्स्ट्रक्शन पॉइंटर (पुढे चालणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) पाहतो आणि तो त्या भागात सापडला तर थेट अ‍ॅबॉर्टच्या पत्त्यावर नेऊन ठेवतो. निकाल लिहिणारी इन्स्ट्रक्शन सर्वांत शेवटी असल्यामुळे अर्धवट काम कुणाला दिसतच नाही.

आम्ही काउंटर या पद्धतीने लिहिला, त्या दिवशी दुपारी शेजारची सहकारी म्हणाली, "अरे, हे बघ ना, मी एक स्टेप पुढे गेले की हे परत वरतीच येतंय." ती जीडीबी या डीबगरमध्ये एकेक इन्स्ट्रक्शन चालवत होती. नाजूक भागात पाऊल टाकले की पुढच्याच स्टेपला आम्ही अ‍ॅबॉर्टच्या पत्त्यावर, तिथून पुन्हा सुरुवातीला, असे चक्र अखंड चालू होते. शेवटची इन्स्ट्रक्शन काही केल्या येईना. कोड मात्र बरोबर होता. जीडीबी प्रत्येक स्टेपनंतर थ्रेड थांबवतो, थांबलेला थ्रेड कोअरवरून उतरतो, आणि परतताना कर्नल आपले वचन काटेकोरपणे पाळतो. एरवी डोळ्यांना कधीच न दिसणारी ही यंत्रणा त्या स्क्रीनवर एकेक पावलाने उलगडत होती, आणि आम्ही दोघे कितीतरी वेळ ती पाहत राहिलो.

मग ब्रेकपॉइंट (जीडीबीने थांबायची जागा) नाजूक भागाच्या पुढे ठेवला, तेव्हा आकडा नीट वाढलेला मिळाला. खरी चाचणी अजून बाकी होती, कारण हा भाग इतका लहान असतो की त्यात खंड पडणे एरवी दुर्मीळच. त्यात सिस्टिम कॉल (कर्नलकडे काम मागणे) करण्यास मनाई असल्यामुळे झोप घेण्याचा कॉलही घालता येत नव्हता; म्हणून आम्ही आत नुसती रिकामी लूप फिरवून तो मुद्दाम लांबवला, कोअरपेक्षा बरेच जास्त थ्रेड सोडले आणि अ‍ॅबॉर्ट वेगळे मोजले. अ‍ॅबॉर्टचा आकडा भराभर चढत गेला. थ्रेड संपल्यावर सर्व कोअरच्या काउंटरची बेरीज केली, तेव्हा ती अपेक्षित आकड्याशी तंतोतंत जुळली, आणि संध्याकाळी आम्ही जुना अ‍ॅटॉमिक काउंटर काढून टाकला.