जुन्या पायथनची साफसफाई: ३.७, ३.८, ३.९ ची रवानगी

लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. त्यावर चार पायथन (या प्रोग्रॅमिंग भाषेची चार व्हर्जन) नांदत होते: सिस्टीमसोबत आलेला ३.१०, पायएन्व्हमधला (अनेक पायथन व्हर्जन सांभाळणारं साधन) ३.८, डेडस्नेक्स पीपीएवरून (उबुंटूसाठी पायथनची इतर व्हर्जन देणारं बाहेरचं भांडार) घेतलेला ३.९ आणि सोर्सवरून बिल्ड केलेला ३.७. जो ज्या दाराने आला, त्याला त्याच दाराने बाहेर काढायचं, असं ठरवलं.

३.१० ला हात लावायचाच नाही. अ‍ॅड-अ‍ॅप्ट-रिपॉझिटरी, कमांड-नॉट-फाउंड ही साधनं, इतकंच काय, उबुंटूमधलं ग्नोम टर्मिनलसुद्धा त्याच्या जिवावर चालतं. ‘पायथन३’ची लिंक दुसऱ्या व्हर्जनकडे वळवली की अ‍ॅप्टची (पॅकेज टाकण्या-काढण्याची यंत्रणा) साधनं ‘अ‍ॅप्ट_पीकेजी सापडत नाही’ म्हणून रडायला लागतात.

काढण्याआधी होम फोल्डरमध्ये ‘पायव्हेन्व्ह.सीएफजी’ नावाच्या सगळ्या फाइल शोधल्या. प्रत्येकीतली ‘होम’ची ओळ सांगते की ते एन्व्हायर्नमेंट (व्हेन्व्ह, म्हणजे एका प्रोजेक्टसाठीची वेगळी पायथन जागा) कुठल्या पायथनवर उभं आहे. लिनक्सवर व्हेन्व्हमधला पायथन म्हणजे नुसती सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) असते. मूळ गेलं की तिथला पिपही (पॅकेज बसवणारं साधन) मुका, म्हणून आधीच सगळीकडे ‘पिप फ्रीझ’ करून पॅकेजेसच्या याद्या ठेवल्या. मग प्रोजेक्ट वेगळ्या घेतलेल्या ३.१२ वर नव्याने उभे केले. एक अडला, कारण त्याला डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) हवं होतं आणि ३.१२ मधून ते काढून टाकलंय. तो ३.११ वर ठेवला, तूर्त तिथेच राहू दे. क्रॉनटॅबही (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) पाहून घेतला. तिथे पायथनचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो आणि नेमका तोच आठवत नाही.

३.८ सोपा. ‘पायएन्व्ह अनइन्स्टॉल’, संपलं.

३.९ साठी आधी ‘अ‍ॅप्ट -एस रिमूव्ह’. -एस लावलं की अ‍ॅप्ट काहीही न काढता फक्त काय काय जाईल ते दाखवतं. त्या यादीत उबुंटू-डेस्कटॉप किंवा पायथन३-मिनिमल दिसलं तर तिथेच थांबायचं. माझ्या यादीत ३.९ चीच पॅकेजेस होती. ‘ऑटोरिमूव्ह’ची (आता गरज न उरलेल्या पॅकेजेसची) यादीही डोळ्यांखालून घातली.

खरा वेळ खाल्ला ३.७ ने. पायथनच्या मेकफाइलमध्ये (बिल्ड आणि इन्स्टॉलच्या सूचनांची फाइल) ‘अनइन्स्टॉल’ टार्गेटच नाही आणि डीपीकेजीला (बसवलेल्या पॅकेजेसची नोंद ठेवणारं साधन) या फाइलींचा पत्ता नसतो. यूएसआर/लोकलच्या बिनमध्ये पायथन३.७, पिप३.७, आयडल३.७, पायडॉक३.७, शिवाय पायव्हेन्व्ह-३.७, लिबमध्ये पूर्ण फोल्डर, इन्क्लूडमध्ये मात्र नाव ‘पायथन३.७एम’. शेवटचा तो ‘एम’ ३.८ पासून गेला, त्यामुळे नुसत्या ‘३.७’ने संपणारी नावं शोधणाऱ्याच्या नजरेतून तो फोल्डर सुटतो. त्या वेळी ‘मेक आल्टइन्स्टॉल’ केलं होतं, म्हणून ‘पायथन३’ नावाची वेगळी लिंक पडली नव्हती. साधं ‘मेक इन्स्टॉल’ केलेल्यांनी ती आधी तपासा.

३.७ च्या या फाइलींतलं काहीच अजून डिलीट केलेलं नाही, सगळं एका बाजूच्या फोल्डरात हलवलंय. हलवल्यावर बॅशमध्ये (टर्मिनलमधला शेल) ‘हॅश -आर’ मारा, नाहीतर शेल जुनाच पाथ धरून बसतो. महिन्याचे क्रॉन जॉब सुरळीत पार पडले की तो फोल्डर उडवणार. त्यानंतर नंबर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचा.