उतरलं नाही, तरी पाणी कळलं कसं?

सोलापुरात गच्चीवर दुर्बीण लावून शनी दाखवला, की कडी बघून झाल्यावर एक प्रश्न ठरलेला असतो: "शनीभोवती फिरलेलं कॅसिनी यान शनीच्या एन्सेलॅडस या चंद्रावर कधी उतरलंच नाही. मग त्या चंद्राच्या बर्फाखाली समुद्र आहे, हे कळलं कसं?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

मोहोळच्या फलाटावर न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेसचा भोंगा आठवा. गाडी येताना सूर चढा, पुढे गेली की उतरलेला. यानाच्या रेडिओलहरींचंही तसंच होतं. एन्सेलॅडस जेमतेम 500 किमी व्यासाचा. त्याच्या ओढीनं यानाचा वेग किंचित बदलतो आणि लहरीची पट्टी सरकते.

किंचित म्हणजे किती? पृथ्वीवरून सुमारे 7.2 गिगाहर्ट्झची लहर सोडतात. यान ती 880/749 या ठरलेल्या पटीनं वाढवून 8.4 गिगाहर्ट्झवर परत पाठवतं. यानावरचं घड्याळ पुरेसं स्थिर नसतं, म्हणून ताळा जमिनीवरच्या हायड्रोजन मेसर या अतिशय स्थिर घड्याळाशी घालतात. वेग सेकंदाला 1 मिलिमीटरनं बदलला, तर परतलेली लहर 0.056 हर्ट्झनं सरकते. आठ अब्जांहून जास्त कंपनांत एका कंपनाचा अठरावा भाग! कॅसिनीनं याच्या दहाव्या हिश्शाहून लहान बदलही पकडले.

बिघडायला मात्र खूप वाव. मोजणी चालू असताना थ्रस्टर (यान वळवणारं छोटं इंजिन) पेटला, तर त्याचा धक्का कुठला आणि चंद्राची ओढ कुठली हे निवडता येत नाही. म्हणून तेवढा वेळ यान आतल्या फिरत्या चाकांवरच स्थिर ठेवतात. शनी सूर्याच्या जवळ दिसत असेल तर सौरवारा लहर डळमळवतो. आपल्या हवेतली वाफही नडते. एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवावरून उडणाऱ्या वाफेच्या फवाऱ्यांतून जाताना यानाला थोडा अडथळा होतो, तोही वजा करावा लागतो. शिवाय कॅसिनीचा 4 मीटरचा अँटेना आणि कॅमेरे अंगालाच पक्के जोडलेले होते. अँटेना पृथ्वीकडे रोखला, की कॅमेरे हवे तिकडे वळत नसत.

2010 ते 2012 मध्ये एन्सेलॅडसजवळून अशी ओढ मोजणाऱ्या तीन फेऱ्या झाल्या. दक्षिण ध्रुवाजवळ पृष्ठभाग सुमारे 1 किमी खोलगट आहे, म्हणजे ओढ बरीच कमी भरायला हवी होती. तितकी कमी भरली नाही. खाली बर्फाहून जड काहीतरी ती तूट भरून काढत होतं. 30-40 किमी खोलीवर पाणी धरलं, की हिशेब जुळतो.

पण नुसत्या ओढीवरून "कळलं" म्हणणं मला घाईचं वाटतं. आतली मांडणी वेगळी धरूनही तेच आकडे येऊ शकतात. माझी खात्री पटते ती फोटोंनी. कॅसिनीच्या सात वर्षांच्या फोटोंत त्याच त्या विवरांच्या जागा मोजल्या, तेव्हा चंद्र फिरताना 0.12 अंश मागेपुढे झुलतो असं 2015 मध्ये दिसलं. विषुववृत्तावर हे जेमतेम अर्धा किलोमीटर. बर्फाचं कवच आतल्या गाभ्याला चिकटलेलं असतं, तर इतका झोका आलाच नसता. नारळ हलवून आतला गोटा सुटलाय का बघतो ना, तसंच. इथे कवच सगळीकडून सुटं आहे आणि मधल्या जागेत पाणी आहे.