थिन बॉयलिंग स्टार्चचा लॉट पास करताना : माझा अनुभव

सायझिंगमध्ये, म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या (उभ्या) सुताला खळ चढवताना, साध्या मक्याच्या स्टार्चवरून थिन बॉयलिंगवर (शिजल्यावर पातळ राहणाऱ्या स्टार्चवर) आलो, तेव्हा कुकर, वाफ, सॉ बॉक्स (सूत खळीत बुडवायची पेटी) काहीच बदलावं लागलं नाही. गाडी अडली ती पुरवठादाराच्या रिपोर्टवर. ‘व्हिस्कॉसिटी’समोर, म्हणजे दाटपणासमोर, नुसता आकडा. द्रावण किती टक्क्यांचं, किती अंशांना मोजलं, मोजायचा कप कुठला, पत्ता नाही. तीनदा विचारलं, तीनदा तोच कागद आला. अजूनही चीड येते, कारण एवढ्या माहितीवाचून तो आकडा बिनकामाचा.

हा स्टार्च शिजण्याच्या तापमानाखाली, साधारण ५० अंशांना, सौम्य आम्लात ठेवतात. दाणा अख्खा राहतो, आतल्या साखळ्या आखूड होतात. किती आखूड, त्यावर पातळपणा. म्हणून नाव तेच असलं तरी एका लॉटची खळ सुतात मुरून जाते आणि वरची लव बसतच नाही. दुसऱ्याची वरच्यावर राहते आणि मागाखाली पांढरी भुकटी सांडते. ताणा दोन्हीकडे तुटतो, बोल मात्र सुताला लागतो.

शेवटी चाचणी स्वतःच लावली. स्टार्चमध्ये १२ टक्के ओल धरली, तर ११४ ग्रॅम स्टार्च आणि ८८६ ग्रॅम पाणी म्हणजे १० टक्के द्रावण. गार पाण्यातच कालवायचं, नाहीतर गाठी होतात. ढवळत ९५ अंशांवर ३० मिनिटं. मग भांडं वजनावर ठेवून उडालेलं पाणी भरून काढायचं. हे विसरलं की आकडा फसवतो. ८० अंशांना झान कपने (तळाला भोक असलेल्या कपाने) खळ गळून जायला लागणारे सेकंद मोजायचे. कप आधी गरम पाण्यात बुडवून ठेवा, गार धातूवर खळ साकळते. चालून गेलेल्या लॉटची दोन किलोची पुडी जपून ठेवली आहे, नवा माल तिच्या शेजारी शिजवतो. गाडी दारात उभी असतानाच, पोती उतरवण्याआधी.

पीएचची पट्टीही बुडवा. आम्ल नीट मारलेलं नसेल तर गरम खळ उभ्या उभ्या पातळ होत जाते.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: थेट वाफ सोडता तेव्हा ती पाणी होऊन खळीतच उतरते. ३० अंशांचा ९०० लिटर घोळ ९५ ला पोचेपर्यंत हजाराच्या आसपास जातो. पाणी तेवढं कमी घ्या.

वीज सारखी जाऊन काम थांबत असेल तर ऑक्सिडाइज्ड स्टार्च घ्या. थिन बॉयलिंगची खळ गार झाली की पाइपातच थिजते.