समुद्रातून हवेत किती गंधक जाते?

समुद्रातून दरवर्षी डायमिथाइल सल्फाइड, म्हणजेच डीएमएस, या वायूच्या रूपाने सुमारे २ कोटी ७१ लाख टन गंधक हवेत जाते, असा अंदाज पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ च्या अंदाजात हाच आकडा २ कोटी ८१ लाख टन होता. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की प्रश्न सुटला असे वाटावे. मला तसे वाटत नाही, कारण २०११ च्या आकड्यासोबत १ कोटी ७६ लाख ते ३ कोटी ४४ लाख टन इतकी रुंद मर्यादाही दिलेली होती.

ही रुंदी समजून घ्यायची तर आकडा कसा निघतो ते पाहावे लागते. पाण्यातील डीएमएसच्या प्रमाणाला तो वायू पाण्यातून हवेत निसटण्याच्या वेगाने गुणतात. प्रमाण मोजण्यासाठी नमुन्यातून हेलियमसारख्या निष्क्रिय वायूचे बुडबुडे सोडून डीएमएस बाहेर काढतात, अतिथंड नळीत अडकवतात आणि मग नळी तापवून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणात, सोडतात. त्याआधी पाणी गाळताना जरा जोर पडला तरी वनस्पतिप्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या, पेशी फुटतात, त्यांतील द्रव्यापासून नवा डीएमएस तयार होतो आणि मोजणी वाढीव येते. तेव्हा हे काम सावकाशच करावे लागते.

नव्या अंदाजामागे आठ लाखांहून अधिक मोजण्या होत्या. मात्र त्यांतील असंख्य मोजण्या जहाजावरील स्वयंचलित उपकरणांनी एकाच मार्गावर लागोपाठ घेतलेल्या असल्याने आधी त्यांची सरासरी काढावी लागली, नाहीतर एकेका सफरीचेच वजन साऱ्या महासागरावर पडले असते. ध्रुवांजवळच्या समुद्रांतल्या हिवाळी मोजण्या आजही तुरळकच आहेत.

दुसरा घटक वाऱ्याचा. जुन्या सूत्रांत वाऱ्याचा वेग वाढला की निसटण्याचा वेग त्याच्या वर्गाप्रमाणे वाढतो. पण डीएमएस कार्बन डायऑक्साइडपेक्षा पाण्यात अधिक विरघळतो, त्यामुळे फुटणाऱ्या लाटांच्या बुडबुड्यांचा त्याला तितका लाभ होत नाही, आणि हवेतील छोटे भोवरे किती वायू वर नेतात हे पाहून थेट घेतलेल्या मोजण्यांत ही वाढ बरीच सरळ रेषेत दिसते. वारा जितका जोराचा, तितका दोन्ही उत्तरांतला फरक मोठा.

म्हणूनच मला अरबी समुद्राची अधिक काळजी वाटते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तिथे वारा आणि प्लवकांची वाढ दोन्ही जोरात असतात, आणि त्याच सुमारास गोव्याच्या किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपत असताना डीएमएस तयार होत असल्याचे तिथल्या संशोधकांनी नोंदवले आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आल्यामुळे समुद्रावरच्या हवेतील नैसर्गिक गंधकाचा वाटा वाढला आहे, आणि गंधकापासून बनलेल्या ज्या कणांवर ढगांचे थेंब धरतात त्यांचा हिशेब करताना तो चुकून चालणार नाही. जागतिक बेरीज आणखी नेमकी करण्याआधी भर पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रात, हवेतील भोवऱ्यांवरून थेट मोजणी व्हावी, असे माझे मत आहे.