डब्ल्यूपीएफमधलं टॉगल बटण: रंग का बदलत नाही?

डब्ल्यूपीएफ म्हणजे विंडोजवरच्या अॅपचे पडदे बनवायची मायक्रोसॉफ्टची चौकट, आणि टॉगल बटण म्हणजे एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद होणारं बटण. त्याच्या स्टाइलमध्ये इजचेक्डचा (बटण चालू आहे का, हे सांगणाऱ्या प्रॉपर्टीचा) ट्रिगर, म्हणजे अट जुळली की रंग वगैरे बदलणारा नियम, लावून बॅकग्राउंड हिरवा केला, तरी बटण दाबल्यावर फिकट निळंच दिसतं. कारण विंडोज ८ पासूनच्या डीफॉल्ट टेम्प्लेटमध्ये (बटण कसं दिसेल ते ठरवणाऱ्या आराखड्यात) आतल्या बॉर्डरचा रंग टेम्प्लेटचेच ट्रिगर थेट बदलतात. आपला रंग तिथवर पोचतच नाही. तेव्हा हा आराखडा, म्हणजे कंट्रोलटेम्प्लेटच नवा लिहायचा. दुसरा उपाय शोधत बसू नका.

सरकत्या स्विचसाठी ४४ बाय २२ ची बॉर्डर घ्या, कॉर्नररेडियस (कोपऱ्यांची गोलाई) ११. आत १८ चा एलिप्स (सरकणारा गोळा), डावीकडे, मार्जिन २. त्याला ट्रान्सलेटट्रान्सफॉर्म (जागेवरून सरकवणारा बदल) द्या आणि एक्स ० वरून २२ वर न्या: ४४ मधून १८ आणि दोन्ही बाजूंचे २-२ वजा केले की तेवढंच अंतर उरतं. बॉर्डरला स्वतःची जाडी दिलीत तर हे गणित चुकतं. हे सरकणं घडवणारं डबलअॅनिमेशन ०.१५ सेकंदाचं पुरे; त्याहून लांबलं की स्विच सुस्त वाटतो. ट्रिगर लागू होताना चालणाऱ्या एंटरअॅक्शन्सइतकंच तो सुटताना चालणाऱ्या एक्झिटअॅक्शन्सही लिहा, नाहीतर गोळा उजवीकडेच अडकून राहतो.

बॅकग्राउंड रिकामा ठेवलात तर मोकळ्या जागेवर क्लिक लागत नाही. तिथे ट्रान्सपरंट हवा. लेबल हवं असेल तर ते दाखवणारा कंटेंटप्रेझेंटर विसरू नका. इजएनेबल्डचा (बटण वापरता येतं की नाही, त्याचा) ट्रिगर सगळ्यात शेवटी ठेवा, कारण एकाच प्रॉपर्टीवर दोन ट्रिगर लागू झाले की नंतरचा जिंकतो.

आणि कृपा करून फोकसव्हिज्युअलस्टाइल (कीबोर्डने निवडलेल्या बटणाभोवती दिसणारी खूण) काढून टाकू नका. कीबोर्डवर काम करणाऱ्याला तेवढाच आधार असतो.